‘चल रे भोपळ्या’ची चार मिनिटांची फिल्म : कामाच्या नोंदी

१२ मे २०२४, नाशिक

शाळेला सुट्टी लागली. मी प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे मे महिना हाताशी असतो. लेक नऊ वर्षांची, भाचा अकरा वर्षांचा. आईने काल रात्री दोघांना गच्चीवर म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट सांगितली. दोघांनी ती शंभरदा ऐकलेली आहे, तरी भोपळा आला की दोघंही उठून बसले. त्याच गोष्टीची बाहुल्या हलवून, एकेक फोटो काढून फिल्म करायची असं रात्रीच ठरलं.

माप ठरवलं ते असं: फिल्म चार मिनिटांची, सेकंदाला १२ फोटो, म्हणजे जवळजवळ ३००० फोटो. सेकंदाला २४ घेतले तर हालचाल जास्त मऊ दिसते, पण काम दुप्पट होतं. पहिल्यांदा करणाऱ्याने १२ वरच राहावं. प्राणी दोनच, वाघ आणि कोल्हा. काही घरांत अस्वलही असतं, ते आम्ही सोडलं. एक बाहुली वाढली की तीन आठवडे वाढतात. म्हातारी १८ सेंटिमीटर उंच. खरी म्हातारी साधारण दीड मीटर धरली तर हे प्रमाण एकास आठ पडतं. हा आकडा लिहून ठेवा, पुढे उडीच्या वेळी लागतो.

१९ मे

पहिली चूक भोपळ्याचीच. मला वाटलं, खरा भोपळा असताना खोटा कशाला करायचा? मंडईतून दोन छोटे लाल भोपळे आणले, ९० रुपयांचे. एकाचं देठाकडचं झाकण कापलं, आतला गर चमच्याने खरवडून काढला, दोन दिवस उन्हात ठेवला. तिसऱ्या दिवशी कडा आत वळल्या. चौथ्या दिवशी तळ काळा पडून मऊ झाला आणि चिलटं बसायला लागली. या भोपळ्याबरोबर चार महिने काम करायचं होतं, तो चार दिवससुद्धा टिकला नाही. शिवाय गर काढूनही तो इतका जड की कुठल्याही दांडीवर अधांतरी राहिला नसता.

दुसरा भोपळा अजून शाबूत आहे. त्याचाच साचा करायचा. त्याच्या फाका, देठाजवळचा खड्डा, एका बाजूचा चपटेपणा, हे सगळं कागदात उतरेल. फुग्यावर कागद चिकटवून केलेला भोपळा चेंडूसारखा दिसतो. भाच्याने तसा एक करून पाहिला होता.

२ जून

भोपळ्याला स्वयंपाकघरातला पातळ प्लॅस्टिक कागद घट्ट गुंडाळला आणि वर वर्तमानपत्राच्या बोटभर रुंद पट्ट्या खळीत बुडवून लावल्या. एक थर साध्या कागदाचा, दुसरा रंगीत पुरवणीचा, असं आलटून पालटून, म्हणजे कुठे थर राहून गेला ते लगेच कळतं. असे सहा थर झाले. खळ मैद्याची. तिला बुरशी आणि कसर लागू नये म्हणून पुस्तकं बांधणारे चिमूटभर मोरचूद घालतात, तसं मीही घातलं. मोरचूद विषारी आहे. त्या दिवशी मुलांना पट्ट्या फाडायचं काम दिलं, खळीत हात फक्त माझे, आणि ते भांडं आता स्वयंपाकघरात परत येणार नाही.

वाळायला पाच दिवस लागले. वळवाचा पाऊस दोनदा आला, दोन्ही वेळा आईने धावत जाऊन आत आणला. मग कटरने आडवा कापून खरा भोपळा बाहेर काढला (त्याची भाजी झाली नाही, तोही आतून गेला होता) आणि दोन्ही वाट्या फेव्हिकॉल आणि पट्ट्यांनी जोडल्या. मागच्या बाजूला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी, सहा मिलिमीटरचा एक नट एम-सीलने आतून बसवला. वजन ११० ग्रॅम, रुंदी १६ सेंटिमीटर.

रंग लेकीने दिला. तिने बाजारातल्या भोपळ्याजवळ बसून पाहिलं आणि फाकांच्या खोबणीत हिरवट, वर मातकट नारिंगी असा दिला. मी असते तर एकच नारिंगी फासला असता.

९ जून

म्हातारी. हाडं १.५ मिलिमीटरच्या ॲल्युमिनियम तारेची, दोन पदर ड्रिलमध्ये धरून पिळलेली. छाती आणि कंबर एम-सीलची, सांधे मोकळे. प्रत्येक पावलात एक छोटा नट. सेट १२ मिलिमीटरच्या प्लायवर आहे. चालीच्या रेषेत भोकं पाडली आहेत आणि खालून स्क्रू आवळला की पाऊल जागेवर घट्ट बसतं. हे केलं नाही तर म्हातारी एका पायावर कधीच उभी राहणार नाही, आणि चालताना माणूस अर्ध्याहून जास्त वेळ एकाच पायावर असतो.

चेहरा आधी रंगीत मातीचा केला होता. जूनच्या उकाड्यात दोन दिव्यांखाली ती माती मऊ पडली, बोट लागलं की गालाला खळगा. दोन दिवस आणि २६० रुपयांची माती वाया. नंतर डोकं एम-सीलचंच घडवलं. डोळे म्हणजे पांढरे मणी, भोक समोर. सुईचं टोक भोकात घालून फिरवलं की नजर फिरते. तोंडं कागदाची, पाच प्रकारची, मधमाशीच्या मेणाच्या कणाने चिकटवायची. म्हातारी बोळकी असल्यामुळे पाच पुरली.

लुगड्याने सगळ्यात जास्त छळलं. आईच्या जुन्या इरकलीचा तुकडा घेतला, पण त्याची वीण आणि काठ बाहुलीच्या अंगावर सतरंजीसारखे जाड दिसायला लागले. शेवटी मलमल निळी रंगवली आणि काठाला अगदी अरुंद रिबीन शिवली. नऊवारीचा कासोटा आईनेच घातला, चिमट्याने, चष्मा लावून, तासभर बसून. मग नवीन अडचण: प्रत्येक फोटोला बोट लागून कापड थोडं सरकतं आणि फिल्ममध्ये लुगडं सारखं थरथरताना दिसतं. उपाय म्हणजे पदराच्या आणि कासोट्याच्या कडेत बारीक तार ओवणं आणि फेव्हिकॉल पाण्यात पातळ करून लुगड्यावर फवारणं. वाळल्यावर ते कडक झालं. आता पदर आपण हलवू तेव्हाच हलतो.

१६ जून

कॅमेऱ्याची पहिली चाचणी, ६० फोटो, पाच सेकंद. लावून पाहिलं तर चित्र सारखं लुकलुकत होतं. कारणं एकेक करून शोधली, पूर्ण रविवार गेला. एकाच वेळी चार कारणं निघाली.

खिडकी. ढग आले गेले की उजेड बदलत होता. काळा पुठ्ठा लावून बंद केली.

दिवे. स्वस्त एलईडी दिवा डोळ्याला स्थिर वाटतो, पण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला शंभरदा कमी-जास्त होत असू शकतो. शटर, म्हणजे फोटो घेताना उजेड आत येण्याचा वेळ, १/६० सेकंद ठेवलं होतं, त्यामुळे प्रत्येक फोटोत वेगळा तुकडा सापडत होता. शटर अर्धा सेकंद केलं, फरक पुसला गेला. बाहुली काही हलत नाही, तेव्हा शटर हवं तितकं लांब ठेवता येतं.

शेजारची बोअरची मोटर. ती सुरू झाली की घरातल्या विजेचा दाब पडतो आणि दिवा किंचित मंद होतो. यूएसबीवर चालणारे दोन छोटे दिवे आणले, ७०० रुपये, आणि ते पॉवर बँकेवर लावले. आता घरातली वीज गेली तरी सेटवरचा उजेड तसाच राहतो.

चौथं कारण मला माहीतच नव्हतं. कॅमेरा मामेभावाचा, डीएसएलआर, बरोबर आलेली साधी लेन्स. अशा लेन्सचं उजेड आत सोडणारं छिद्र प्रत्येक फोटोला मोटर लहान करते आणि पुन्हा उघडते, आणि दर वेळी ते अगदी केसभर वेगळ्या मापावर थांबतं. एका फोटोत हे कळत नाही, बारा फोटो एका सेकंदात आले की दिसतं. छिद्र पूर्ण उघडं ठेवलं तर हा दोष जातो, पण मग म्हातारीचं नाक स्पष्ट आणि कान धूसर. जुनी, हाताने कडं फिरवायची ५० मिलिमीटरची लेन्स आणि तिचा जोड मिळून २२०० रुपयांना घेतली. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच, आणि सगळ्यात कामाचा.

आणखी एक. मी पिवळा कुर्ता घातला होता. म्हातारीच्या डाव्या गालावर मध्येच पिवळट छटा यायची आणि जायची. मी जवळ उभी असले की यायची. त्या दिवसापासून सेटवर सगळ्यांनी काळे किंवा गडद कपडे घालायचे, आणि फोटो काढताना प्रत्येकाने त्याच ठिकाणी उभं राहायचं.

३० जून

आवाज. हे काम मी चित्रीकरणाआधी करायला हवं होतं. वाघाचा ‘म्हातारे म्हातारे, थांब, मी तुला खातो’ हा प्रसंग आधीच अंदाजाने घेतला होता, ११८ फोटो. आवाज आल्यावर तोंड आणि शब्द कुठेच जुळेनात. सगळे ११८ टाकून दिले. आधी आवाज, मग प्रत्येक अक्षर कितव्या फोटोवर येतं त्याचा तक्ता, मग चित्र. हा क्रम मोडू नका.

आवाज आईचा. पहिल्या दिवशी स्वयंपाकघरात बसवलं तर फ्रिजची घरघर आली. दुसऱ्यांदा आतल्या खोलीत, कपाटाचं दार उघडं, पाठीमागे दोन गोधड्या टांगलेल्या, पंखा बंद. आवाज स्वच्छ आला, पण आई स्नेहसंमेलनात भाषण करावं तशी बोलत होती. समोर मोबाइल ठेवला की ती ताठ व्हायची. पाच वेळा झालं. मग लेकच म्हणाली, “आजी, तू याला नको सांगू, मला सांग ना,” आणि जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. मोबाइल मी गोधडीमागे सरकवला. आईने तिच्या केसांतून हात फिरवत सांगितलं, ‘लेकीकडं जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा.’ तोच तुकडा फिल्ममध्ये आहे. नीट ऐकलं तर बांगडी किणकिणल्याचं ऐकू येतं. ते मी काढलं नाही.

१४ जुलै

वाघ झाला. आधी त्याला केसाळ कापड लावलं होतं. दर फोटोला बोटाने केस दबायचे आणि फिल्ममध्ये वाघाच्या अंगावर वारा सुटल्यासारखं दिसायचं. ते सोलून काढलं, फेल्ट लावला, पट्टे लोकरीच्या धाग्याचे शिवले. कोल्हा सरळ फेल्टचाच केला, दोन संध्याकाळीत झाला.

लेकीच्या घरचा प्रसंग घेतला. ताटलीत इवल्या भाकऱ्या, मी खऱ्या तांदळाच्या पिठाच्या केल्या होत्या आणि हौसेने वर तुपाचा थेंबही सोडला. ८४ फोटो झाल्यावर संगणकावर पाहिलं तर अकराव्या फोटोपासून ताटाभोवती काळे ठिपके फिरताहेत. मुंग्या. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर त्या दिसल्याच नाहीत. पुन्हा ८४. आता भाकऱ्या एम-सीलच्या आहेत आणि तूप म्हणजे पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब. सेट ज्या दोन स्टुलांवर आहे त्यांच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या.

बॅटरीचाही धडा मिळाला. शॉटच्या मध्ये संपली, बदलताना कॅमेरा केसभर सरकला आणि उरलेला शॉट जुळेना. भिंतीतल्या विजेवर चालणारी खोटी बॅटरी मिळते, ती ८५० रुपयांना घेतली. पहिल्याच दिवशी घ्यायला हवी होती.

४ ऑगस्ट

उडी. गेले तीन रविवार हेच चाललंय, आणि सविस्तर लिहिते, कारण या गोष्टीत लहान मूल जिची वाट पाहतं ती हीच जागा आहे. म्हातारी आत बसली, झाकण लागलं, ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’, आणि भोपळा नीट उडाला नाही तर बाकी कितीही चांगलं असून उपयोग नाही.

पहिला प्रयत्न: भोपळ्याच्या मागच्या नटात सळई, सळई एका लाकडी ठोकळ्यात, ठोकळ्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालत उंची वाढवायची. दर फोटोला दीड सेंटिमीटर वर, चार फोटोंत सहा सेंटिमीटर, मग तसाच खाली. फिल्म लावली तर भोपळा लिफ्टमधून गेल्यासारखा वर गेला आणि खाली आला. भाचा म्हणाला, “आत्या, हा उडत नाहीये, याला कोणीतरी उचलतंय.” अगदी बरोबर बोलला.

दुसरा प्रयत्न: सहाऐवजी दहा सेंटिमीटर. आणखी वाईट.

दादा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत टूलरूममध्ये काम करतो. त्याला दाखवलं. तो पेन्सिल घेऊन बसला. म्हणाला, तुझी बाहुली एकास आठ आहे ना, मग तुझे सहा सेंटिमीटर म्हणजे खऱ्या जगातले ४८. खरा भोपळा ४८ सेंटिमीटर उडाला तर वर जायला साधारण ०.३१ सेकंद आणि खाली यायला तितकेच लागतील. मिळून ०.६३ सेकंद, म्हणजे तुझे साडेसात फोटो. आठ धर. आणि वर जाताना वेग कमी होत जातो, खाली येताना वाढत जातो, त्यामुळे उंची समान टप्प्यांनी वाढवायची नाही.

त्याने काढून दिलेल्या उंच्या, जमिनीपासून, मिलिमीटरमध्ये: २६, ४५, ५६, ६०, ५६, ४५, २६, शून्य. हा तक्ता सेटच्या मागच्या भिंतीवर चिकटवलाय. एकास आठच्या बाहुलीला आणि सेकंदाला १२ फोटोंना तो जसाच्या तसा चालेल. वरच्या टोकाजवळ भोपळा तीन फोटो जवळजवळ तिथेच राहतो. तो क्षणभर हवेत थबकतो, आणि मुलांना हसू येतं ते नेमकं तिथे.

पुढच्या आठवड्यात दादा कामावरून मोडीत निघालेली एक हाइट गेज, म्हणजे खांबावर जबडा सरकवून उंची मोजायचं साधन, विचारून घेऊन आला. टोक झिजलेलं, पण सरकपट्टी ठणठणीत. भोपळ्याची आडवी सळई तिच्या जबड्यात धरली. आता ४५ म्हणजे ४५. पुठ्ठ्याचे तुकडे गेले, दर फोटोला लागणारा वेळही निम्म्यावर आला.

आज या पद्धतीने पहिली उडी घेतली. लावली आणि कोणी काही बोललंच नाही. मग भाचा म्हणाला, “परत लाव.”

१८ ऑगस्ट

उडी बरोबर झाली, पण भोपळा रिकामा वाटत होता. चेंडूसारखा उडतोय, पण आत म्हातारी आहे असं वाटत नाही. मऊ वस्तू असती तर उतरताना थोडी दाबून दाखवता आली असती. हा कागदाचा, दाबला तर फुटेल. मी रंगात, प्रकाशात कारण शोधत राहिले. एक आठवडा गेला.

उत्तर रिक्षात सापडलं. लेकीला घेऊन येत होते, गतिरोधकावर रिक्षा आदळली. रिक्षा उतरून थांबली आणि त्यानंतर आम्ही दोघी पुढे झुकलो. आतलं माणूस बाहेरच्या वस्तूच्या मागून आदळतं. घरी येऊन लगेच करून पाहिलं: भोपळा जमिनीला टेकल्यावर एक फोटो सरळ, मग पुढच्या बाजूला अंदाजे चार अंश कललेला, मग मागे दोन अंश, मग पुढे एक, मग स्थिर. डोलण्याचे तीन फोटो, पाव सेकंद. आणि उडी घेण्याआधी दोन फोटो किंचित मागे कललेला, जणू आत म्हातारी अंग सावरतेय.

एवढ्याने भोपळा भरला. आईला दाखवलं तर ती पटकन म्हणाली, “अगं, लागलं की तिला!”

देठाला भोपळ्याच्या वेलीचं एक पान आणि एक ताणा लावला होता, तारेचा. तो आता एक फोटो उशिरा हलवते. उतरताना धुरळा उडतो तो अंगणातलीच माती, मलमलीतून गाळलेली, ब्रशच्या टोकाने तीन फोटोंत पसरवलेली. हे दोन्ही ऐच्छिक आहेत. डोलणं ऐच्छिक नाही.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले, तरी रात्री काम केलं. भोपळ्यामागची सळई आणि हाइट गेजचा खांब फोटोंतून पुसायचा. पद्धत सोपी: शॉटआधी भोपळा आणि दांडी काढून रिकाम्या सेटचा एक फोटो घ्यायचा. मग गिंप या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर भोपळ्याचा फोटो, खाली रिकामा सेट, आणि जिथे दांडी आहे तिथे वरचा थर खोडायचा की खालून रिकामा सेट दिसतो. सॉफ्टवेअर फुकट आहे. एका फोटोला तीन ते चार मिनिटं लागतात.

दोन चुका झाल्या. पहिली, दांडीची सावली पुसायला विसरले. पडद्यावर भोपळ्याबरोबर जमिनीवर एक काळी रेघ उड्या मारत होती. दुसरी मोठी: नदीकाठच्या शॉटचा रिकामा फोटो घेतलाच नव्हता, आणि तोवर तो सेट मोडून त्याच फळीवर जंगल उभं केलं होतं. ४९ फोटोंत गवताची पाती शेजारच्या गवतावरून उचलून हाताने भरावी लागली. दोन रात्री गेल्या. आता पाटीवर शॉटचा क्रमांक लिहिला की त्याखाली ‘रिकामा घेतला का?’ असा प्रश्न भाच्याने खडूने लिहून ठेवलाय आणि तो विचारल्याशिवाय पहिला फोटो काढू देत नाही.

फिल्ममध्ये ३० उड्या आहेत. प्रत्येकीत सात फोटो हवेतले, म्हणजे २१० फोटो पुसायचे. बारा-तेरा तास धरून चाला. डोलण्याच्या फोटोंत सळई भोपळ्याच्या आडच राहते, तिथे पुसायला काही नाही.

२९ सप्टेंबर

सुरुवातीचा शॉट: मातीतून भोपळ्याचा अंकुर वर येतो. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या अंकुरावर कॅमेरा रोखून त्याच्या वाढीचं थोडं थोडं चित्रण केलं होतं, आणि तेच दाखवून पहिल्या चित्रपटासाठी पैसे उभे केले. त्यांचा जन्म इथल्याच त्र्यंबकेश्वरचा. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे. मुलांना तिथे नेलं होतं तेव्हापासून लेकीच्या डोक्यात अंकुर होता.

दर अर्ध्या तासाला एक फोटो, आपोआप. पहिल्या खेपेला अंकुर खिडकीकडे वळला आणि चौकटीबाहेर गेला, शिवाय पाणी घालताना मी कुंडी हलवली. दुसऱ्या खेपेला दिवा वरून लावला, कुंडी फळीला एम-सीलने चिकटवली आणि पाणी वातीने, बाजूच्या वाटीतून. नऊ दिवस, ४३२ फोटो. त्यातले ७२ वापरले, सहा सेकंदांचे. बी फुटून टरफल पानांच्या टोकावर टोपीसारखं अडकून वर येतं आणि मग गळून पडतं, ते सगळं त्यात आहे.

१३ ऑक्टोबर

‘टुणूक’चा आवाज. डफली वाजवून पाहिली, स्टीलचा डबा, रबरी चेंडू, नारळाची करवंटी. करवंटी जरा जवळ आली, पण तिचा आवाज कोरडा.

आजोबांची एकतारी माळ्यावर होती. ते वारकरी, वारीला नेत. तिचा खालचा भाग म्हणजे वाळवलेला भोपळाच. मिरजेचे तंबोरे आणि सतार याच जातीच्या कडक कवचाच्या भोपळ्यावर बनतात, आणि ते पंढरपूरच्या बाजूला पिकवले जातात. आईने माळ्यावरून काढली, पदराने पुसली. तार तुटलेली. मी मधल्या बोटाच्या पेराने भोपळ्याच्या पोटावर टिचकी मारली: आतून गोल, खोल आवाज आला, आणि त्यामागे किंचित घुमत राहिला. टुणूक.

प्रत्येक उडीला वेगळी टिचकी रेकॉर्ड केली. एकच आवाज तीसदा वापरला तर यंत्रासारखा वाटतो, हे आधी करून बघितलं होतं. उडी घेताना देठाजवळची टिचकी, उतरताना पोटावरची, तिचा आवाज खालचा. एकतारीला नवी तार लावली आहे. शेवटी म्हातारी घरी पोचते तिथे ती एकदाच वाजते.

२० ऑक्टोबर

हिशोब. प्लाय ६२०, तार १८०, फेव्हिकॉल १६०, एम-सील १२०, फेल्ट आणि लोकर ३४०, दिवे ७००, लेन्स आणि जोड २२००, खोटी बॅटरी ८५०, स्क्रू-नट १५०, वाया गेलेली माती २६०, खरे भोपळे ९०. एकूण ५६७० रुपये. कॅमेरा, पॉवर बँक, संगणक घरचे किंवा मागून आणलेले.

फिल्मसाठी काढलेले फोटो, अंकुराचे सोडून, ४६००. फिल्ममध्ये, अंकुराचे धरून, ३०१२. सुरुवातीला तासाला २५ फोटो व्हायचे, शेवटी ४५. फोटो आणि आवाजाची जोडणी डाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत केली. लुकलुक घालवायची सोय विकतच्या आवृत्तीत आहे, म्हणून चित्रीकरणातच ती येऊ न देणं आम्हाला भाग होतं.

एक शॉट अजून मनासारखा नाही. कोल्हा मान वळवतो तिथे मानेतली तार तुटली आणि नवी घातल्यावर डोकं दोन मिलिमीटर वर राहिलं. मला दरवेळी दिसतं. तार तुटतेच, त्यामुळे मान आणि गुडघे काढून बदलता येतील असेच करा. चौकोनी पितळी नळीचा तुकडा आणि त्यात घट्ट बसणारी तार, असं दादा आता सुचवतोय. मी सगळ्या बाहुल्यांत तार कायमची पुरली होती.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. सगळी भावंडं, त्यांची मुलं घरी. हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर, दादाने कुठून तरी प्रोजेक्टर आणला. आई मागे खुर्चीत बसली होती, स्वतःचा आवाज आल्यावर तिने पदर तोंडाला लावला.

पुढे जमिनीवर पोरं. सगळ्यात धाकटी तीन वर्षांची, तिला यातलं काहीच सांगितलेलं नव्हतं. वाघ आला तेव्हा आईच्या कुशीत शिरली. भोपळा निघाला तशी परत पुढे आली. पहिल्या दोन उड्यांना टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या उडीनंतर भोपळा टेकला, डोलला, आणि ती मागे वळून मोठ्याने म्हणाली, “आजीला बाऊ झाला!”

ती उडी दोन मिनिटं बारा सेकंदांवर आहे.